दोन सुरांच्या मधे नट काय करतो? स्तानिस्लावस्कीची ऑपेरातली वीस वर्षं

माझ्या पीएचडीचा विषय सांगताना मी ‘स्तानिस्लावस्की’ म्हटलं की नाटकवाली मंडळी ओळखीची मान डोलावतात. पुढे ‘आणि ऑपेरा’ असं जोडलं की मान मधेच थांबते. ऑपेरा? त्याचा काय संबंध? आपल्याकडे नाट्यशिबिरांत आणि एकांकिकांच्या तालमींत ज्या स्तानिस्लावस्कीचं नाव निघतं तो वास्तववादी अभिनयाचा गुरू, चेखॉव्हच्या नाटकांचा दिग्दर्शक, ‘भावनिक स्मृती’वाला. मरता मरता दहा मिनिटं गाणाऱ्या नायिकांशी या माणसाचं काय देणंघेणं असणार?

देणंघेणं होतं, आणि तेही चांगलं वीस वर्षांचं. १९१८ च्या अखेरीपासून ऑगस्ट १९३८ मध्ये वारेपर्यंत त्याने ऑपेराचं काम सोडलं नाही. हृदयाने दगा दिला आणि नट म्हणून रंगमंचावर उभं राहणं बंद झालं, तेव्हाही नाही. चरित्रांमध्ये या कामाला बहुतेकदा एखाद-दुसरं प्रकरण मिळतं, आणि सूर साधारण असा असतो की म्हातारपणी बुवांना गाण्याचा नाद लागला. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्याला आपण त्याची ‘पद्धत’ म्हणतो, तिचा उत्तरार्ध बऱ्याच अंशी या गाणाऱ्या पोरांच्या तालमीत घडला. तो उत्तरार्ध आपल्यापर्यंत उशिरा पोचला, म्हणून आपला स्तानिस्लावस्की थोडा अर्धाच राहिला आहे.

सुरुवात जरा मागून करू. हा गृहस्थ १८६३ साली मॉस्कोत जन्मला. खरं नाव कॉन्स्तान्तिन सेर्गेयेविच अलेक्सेयेव्ह. ‘स्तानिस्लावस्की’ हे रंगभूमीसाठी घेतलेलं नाव. घरचा कारखाना सोन्या-चांदीच्या तारेचा, म्हणजे आपल्या भाषेत कलाबतूचा. पैसा बक्कळ. नाटकाचं वेड घरातच होतं, आणि ते नाटक गाण्यासकट होतं. १८८७ साली या भावंडांनी घरच्या रंगमंचावर गिल्बर्ट आणि सलिव्हन यांचं ‘मिकाडो’ केलं. जपानी चालणं, वाकणं, पंखा हाताळणं शिकायला सर्कशीतलं एक जपानी कुटुंब घरी आणून ठेवलं. पंखा संगीताच्या ठेक्यावरच उघडला-मिटला पाहिजे, अशी सगळ्यांची तालीम. पुढे तो जे पंचवीस वर्षं शोधत राहिला, त्याचं बीज मला या पंख्यांमध्ये दिसतं. हे माझं वाचन. तो स्वतः ही गोष्ट मौज म्हणून सांगतो.

त्याच सुमारास त्याला खरोखरचा ऑपेरा गायक व्हायचं होतं. दिवसभर कारखान्याच्या कचेरीत काम आणि संध्याकाळी फ्योदोर कोमिसार्झेव्हस्की या नामवंत टेनरकडे शिकवणी. गुनोच्या ‘फाउस्ट’मधला मेफिस्टोफेलीस आणि दार्गोमिझ्स्कीच्या ‘रुसाल्का’मधला चक्कीवाला, असे प्रवेश बसवायला घेतले. तालमी वाढल्या तसा घसा बसत गेला. चांगल्या गायकांच्या शेजारी उभं राहिल्यावर आपला आवाज किती तोकडा आहे हे त्याचं त्यालाच कळलं, आणि गायक व्हायचा नाद संपला.

पण कोमिसार्झेव्हस्कीकडचा एक उद्योग संपला नाही. संध्याकाळी पियानोवाल्याला वाजवत ठेवायचं आणि गुरू-शिष्यांनी त्या लयीत नुसतं वावरायचं. उठायचं, बसायचं, गप्प राहायचं, पण लयीत. गायकांना असा लयीत वावरायचा वर्ग हवा, मी त्यात कोमिसार्झेव्हस्कीचा मदतनीस होतो, असा प्रस्ताव त्याने मॉस्को कॉन्झर्व्हेटरीपुढे ठेवला. तो फेटाळला गेला. (पीएचडी करणाऱ्या कुणालाही या प्रसंगाबद्दल विशेष सहानुभूती वाटेल.) याच वर्षांत तो रशियन संगीत संस्थेच्या मॉस्को शाखेच्या संचालक मंडळावर होता आणि तिथे त्याची चायकोव्हस्कीशी उठबस झाली. हा धागा लक्षात ठेवा.

मधली वर्षं तुम्हाला माहीत असतात, म्हणून पटकन जाते. जून १८९७ मध्ये नेमिरोविच-दान्चेन्कोबरोबर एका हॉटेलात सुरू झालेली आणि अठरा तास चाललेली ती सुप्रसिद्ध बैठक, १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटर, त्याच वर्षी ‘सीगल’, मग चेखॉव्हची बाकीची नाटकं, गॉर्कीचं ‘तळागाळात’. १९०६ नंतर ‘आपण दररोज रात्री तीच भूमिका यांत्रिकपणे करतोय’ ही अस्वस्थता, आणि तिच्यातून अभिनयाच्या व्याकरणाचा शोध. भावनिक स्मृती, एकाग्रतेचं वर्तुळ, स्नायूंची शिथिलता हे सगळं या टप्प्यातलं.

आता ऑपेराकडे. त्या काळच्या ऑपेरा गृहात गायक काय करायचा? पुढे यायचा, पाय रोवायचा, एक हात छातीवर ठेवायचा, दुसरा हवेत न्यायचा, डोळे कंडक्टरवर खिळवायचा आणि गायचा. प्रेयसी शेजारी उभी असली तरी प्रेम कंडक्टरवरच. कोरसमधले लोक अर्धवर्तुळात. आपल्या संगीत नाटकाच्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही: पद सुरू झालं की कथानक बाजूला बसायचं, आणि वन्स मोअर आला की मेलेलं पात्रसुद्धा उठून गायचं असे किस्से आपल्याकडे चवीने सांगितले जातात. मी संगीत नाटक आणि ऑपेरा एकच आहे असं म्हणत नाही. आपल्याकडे पद आणि गद्य वेगळं असतं, गायकाला विस्ताराची मोकळीक असते. ऑपेरात प्रत्येक मात्रा लिहिलेली असते. पण गाणारा माणूस गाताना पात्र उरतो का, हा प्रश्न दोन्हीकडे तोच.

या सगळ्याला अपवाद होता शाल्यापिन. साव्वा मामोंतोव्ह या उद्योगपतीच्या खाजगी ऑपेरात १८९६ पासून गाणारा हा बेस गायक एकाच वेळी गायचा आणि जगायचा. (मामोंतोव्हची बायको स्तानिस्लावस्कीची नातेवाईक, त्यामुळे त्या घरात त्याचं जाणं-येणं होतंच.) आपली पद्धत आपण शाल्यापिनकडे बघून बेतली असं स्तानिस्लावस्की म्हणायचा, अशी आठवण सांगितली जाते. पण शाल्यापिन एकच. जे एकाला उपजत येतं, ते वीस जणांना शिकवता येतं का?

हे करून बघायची संधी आली ती अगदी विचित्र वेळी. क्रांती झालेली, यादवी युद्ध सुरू, मॉस्कोत पाव आणि सरपण दोन्हीची मारामार, अलेक्सेयेव्हांचा कारखाना सरकारजमा. अशात १९१८ च्या अखेरीस बोल्शॉय थिएटरकडून त्याला विचारणा झाली की आमच्या गायकांना अभिनय शिकवाल का. स्टुडिओ सुरू झाला. बोल्शॉयच्या प्रस्थापित गायकांना याचा फारसा उत्साह नव्हता, त्यामुळे काम मुख्यतः तरुणांबरोबर होऊ लागलं. भाऊ व्लादिमिर आणि बहीण झिनाइदा शिकवायला आली. तालमी त्याच्या घरीच. १९२१ मध्ये सरकारने ते घर काढून घेतलं आणि बदल्यात लेओन्त्येव गल्लीतल्या सहा नंबरच्या जुन्या वाड्यात जागा दिली. तिथे एक दिवाणखाना होता आणि त्यात मधोमध लाकडी खांब.

या खांबांवर मी प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण लिहिते आहे, आणि ते अतिशयोक्तीने नव्हे. १९२२ साली याच दिवाणखान्यात चायकोव्हस्कीच्या ‘येवगेनी ओनेगिन’चा प्रयोग झाला. ऑर्केस्ट्रा नाही, पियानो. पडदा नाही. प्रेक्षक हातभर अंतरावर. खांब हलवता येत नव्हते, म्हणून तेच नेपथ्य झाले: पहिल्या प्रवेशात लारिन बाईंच्या खेड्यातल्या घराची ओसरी, पुढे तात्यानाच्या निजायच्या खोलीचा कोनाडा, शेवटी पीटर्सबर्गमधल्या श्रीमंत वाड्याचं दालन. बॉलच्या प्रवेशात गर्दी नाचवायला जागाच नव्हती. मग ज्यांना जागा मिळाली त्यातल्या प्रत्येकाला आपण कोण, कुणाच्या शेजारी बसलोय, कुणाबद्दल कुजबुजतोय हे माहीत असणं भाग पडलं. कोरस नावाची गोष्ट उरलीच नाही, पाहुणे उरले.

आणि इथे तो मघाचा धागा. चायकोव्हस्कीने ‘ओनेगिन’ भव्य ऑपेरा म्हणून लिहिलाच नव्हता. मोठ्या सरकारी ऑपेरा गृहात जाड्याजुड्या तारे-तारकांच्या हाती हे नाजूक प्रकरण पडेल, याची त्याला धास्ती होती. १८७९ मधला पहिला प्रयोग त्याने मॉस्को कॉन्झर्व्हेटरीच्या विद्यार्थ्यांकडून करवला. पुढे बोल्शॉय आणि मारिइन्स्कीने तो उचलला आणि व्हायचं तेच झालं. त्रेचाळीस वर्षांनी स्तानिस्लावस्कीने पुन्हा विद्यार्थीच घेतले, पुन्हा छोटी खोली घेतली. याला लोक ‘प्रयोगशील’ म्हणतात. मला तो उलट परतीचा प्रवास वाटतो.

तालमीत नेमकं काय चालायचं? आधी ऑपेरा नाहीच. आधी रोमान्स, म्हणजे ग्लिन्का, रिम्स्की-कोर्साकोव्ह, चायकोव्हस्की यांची पियानोबरोबर म्हणायची छोटी गाणी. प्रत्येक गाणं म्हणजे एक नाटुकलं समजायचं. कोण गातंय, कुणाला उद्देशून, आत्ताच का, याआधीच्या मिनिटाला काय झालं होतं. उत्तरं नसतील तर गाणं सुरू करायचं नाही. मग हातांचा प्रश्न. गायक वरच्या सुराला गेला की त्याची बोटं आवळतात, खांदे चढतात. हा ताण सुरासाठी लागत नाही, तो नुसती सवय आहे, हे शरीराला पटवेपर्यंत तासन्‌तास व्यायाम. मग शब्द. ऑपेरात शब्द कळत नाहीत हे त्याला मान्यच नव्हतं. व्यंजनं गिळणाऱ्याची तो गय करत नसे.

पण या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे, आणि तिच्यासाठी मी ही पोस्ट लिहायला घेतली.

गद्य नाटकात एका पात्राने प्रश्न विचारला आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं असेल तर मधला अवकाश किती, हे नट ठरवतो. आज दोन सेकंद, उद्या पाच. नट आत्मविश्वासाने ‘मला आतून आलं’ म्हणतो आणि दिग्दर्शकाचा नाइलाज होतो. ऑपेरात तो अवकाश संगीतकाराने ठरवून टाकलेला असतो. प्रश्न आणि उत्तर यांच्या मधे चार बार आहेत, तर चारच. त्या चार बारमध्ये वाद्यं काहीतरी वाजवत असतात. जुन्या पद्धतीचा गायक त्या वेळात श्वास भरून घेतो आणि कंडक्टरच्या काठीची वाट बघतो. स्तानिस्लावस्की म्हणाला, हे चार बार म्हणजे तुझ्या पात्राचा विचार आहे. तो इथे लिहून ठेवलाय. वेग लिहिलाय, चढ-उतार लिहिलाय, कुठे अडखळायचं ते लिहिलंय. तुला फक्त असं काहीतरी करायचं आहे की ज्यामुळे हा विचार तुझा होईल.

‘ओनेगिन’मधला पत्राचा प्रवेश घ्या. तात्याना रात्री जागून ओनेगिनला प्रेमपत्र लिहिते. प्रवेश लांबलचक, रंगमंचावर जवळजवळ ती एकटीच. परंपरेप्रमाणे गायिका इकडून तिकडे येरझाऱ्या घालते, खिडकीशी जाते, चंद्राकडे हात करते. स्तानिस्लावस्कीने तिला पलंगावरच ठेवलं. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, रात्र, घरातले झोपलेले. ती अंथरुणातच बसून लिहील ना? येरझाऱ्या बंद झाल्या आणि काय उरलं? लेखणी, कागद, मान, बोटं, बघणं. आणि संगीत. ओबो जी छोटीशी लकेर पुन्हापुन्हा घेतो, ती लिहिणाऱ्या हाताची लकेर आहे हे मग दिसायला लागतं. ओळ लिहिली, थांबली, खोडली, पुन्हा. मोठ्या हालचाली काढून टाकल्यावर संगीतातली लहान हालचाल वर आली.

यालाच तो पुढे ‘टेम्पो-ऱ्हिदम’ म्हणू लागला. आपण त्याला लय म्हणून मोकळे होऊ शकतो, पण त्याच्या मनात दोन गोष्टी होत्या: बाहेरची गती आणि आतली. माणूस बाहेरून स्वस्थ बसलेला आणि आतून धावत असू शकतो. ओनेगिन तात्यानाला बागेत शांतपणे उपदेश करतो तेव्हा ती एक शब्द बोलत नाही, पण तिच्या आत काय वेग असेल! आणि उलटही खरं. बाहेरची गती अचूक पकडली, म्हणजे बोटांनी, श्वासाने, चालण्याने, तर आतली भावना मागून येते. भावनेला थेट हाक मारायची गरज नाही.

हे शेवटचं वाक्य साधं वाटतं, पण आधीचा स्तानिस्लावस्की काय शिकवत होता ते आठवा. भावनिक स्मृती: स्वतःच्या आयुष्यातलं दुःख आठवा आणि ते भूमिकेत आणा. म्हणजे आतून बाहेर. तीसच्या दशकात तो जे मांडू लागला आणि ज्याला ‘शारीरिक कृतींची पद्धत’ असं नाव पडलं, ते बाहेरून आत जाणारं. १९३५ मध्ये त्याने शेवटचा स्टुडिओ काढला तो नावातच ‘ऑपेरा-नाट्य स्टुडिओ’, गायक आणि नट एकाच छपराखाली. हा बदल का झाला यावर अभ्यासकांत वाद आहे. सोव्हिएत भौतिकवादाचा दबाव म्हणून, असं काही जण म्हणतात. पाव्हलॉव्हच्या प्रतिक्षिप्त क्रियांचा प्रभाव म्हणून, असं काही जण. दोन्हीत तथ्य असेल. पण सतरा वर्षं रोज गायकांसमोर बसलेल्या माणसाला दुसरं काही सुचणंच अवघड होतं असं मला वाटतं. गायिकेला ‘आधी तुझी आजी वारली ते आठव, मग गा’ असं सांगता येत नाही. तोवर ऑर्केस्ट्रा पुढे निघून गेलेला असतो.

मग हे आपल्यापर्यंत का पोचलं नाही? उत्तर बरंचसं प्रकाशनाच्या तारखांमध्ये आहे. मॉस्को आर्ट थिएटर १९२३ मध्ये अमेरिकेत गेलं आणि अमेरिकन नटांनी जे उचललं ते त्याआधीचं, भावनिक स्मृतीचं. त्यातूनच पुढे ली स्ट्रासबर्गची ‘मेथड’ आली. ‘अ‍ॅन अ‍ॅक्टर प्रिपेअर्स’ इंग्रजीत १९३६ साली निघालं. लेखकाच्या डोक्यात तो ग्रंथाचा पहिला अर्धा भाग होता. दुसरा अर्धा, ज्यात आवाज, उच्चार आणि टेम्पो-ऱ्हिदम आहे, तो ‘बिल्डिंग अ कॅरेक्टर’ या नावाने यायला १९४९ उजाडलं. मधल्या तेरा वर्षांत जगाचा स्तानिस्लावस्की ठरून गेला होता. मराठीत के. नारायण काळे यांनी ‘अभिनय साधना’ या नावाने पहिलं पुस्तक आणलं, आणि आपल्या कित्येक नटांची ओळख तिथूनच झाली. गंमत अशी की काळे ‘नाट्यमन्वंतर’च्या गोटातले. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ने पदांची भरताड कमी केली आणि केशवराव भोळ्यांच्या संगीताला नाटकाच्या कामाला जुंपलं. म्हणजे गाणं नाटकात कसं मुरवायचं, हा प्रश्न त्या मंडळींच्या उशाशीच होता. पण स्तानिस्लावस्की मराठी नटापर्यंत आला तो गद्य वास्तववादाचा आचार्य म्हणून. गाणाऱ्या नटाला त्याच्याकडून काही घेण्यासारखं आहे हे आपल्याकडे फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

साधनांबद्दल थोडं, कारण ‘हे तुला कसं माहीत?’ असं विचारणारे वाचक या ब्लॉगवर आहेत. ऑपेराच्या तालमींची सगळ्यात मोठी नोंद पावेल रुम्यान्त्सेव्ह या बॅरिटोनची आहे. तो त्या ‘ओनेगिन’मधला ओनेगिन. त्याच्या नोंदींवर आधारलेलं ‘स्तानिस्लावस्की ऑन ऑपेरा’ १९७५ मध्ये इंग्रजीत आलं. पुस्तक सोन्याची खाण आहे, पण ते शिष्याने लिहिलेलं आहे. शिष्याच्या आठवणीत गुरू कधी चुकत नाही, कधी कंटाळत नाही, आणि कुठली पोर रडत तालमीतून निघून गेली हे कधी येत नाही. शिवाय सोव्हिएत काळात स्तानिस्लावस्की हा जवळजवळ सरकारी देव होता, त्यामुळे काय लिहायचं नाही हेही ठरलेलं. म्हणून मी त्यातले व्यायाम, हालचाली, प्रवेशांची मांडणी यांवर विश्वास ठेवते. ‘सर्वांचे डोळे पाणावले’ अशा वाक्यांवर नाही.

आणि एक आक्षेप लपवण्यात अर्थ नाही. या गायकांचे आवाज कसे होते? बोल्शॉयच्या तोडीचे नव्हते, निदान बहुतेकांचे. नाट्य आलं पण गाणं पातळ झालं, ही कुरकुर तेव्हाही होती आणि तिला पूर्ण उत्तर मला सापडलेलं नाही. दिवाणखान्यात पियानोबरोबर जे जमतं, ते मोठ्या थिएटरात ऐंशी वाद्यांच्या पलीकडे पोचवायला घशात ताकदच लागते.

ते मोठं थिएटर मिळालं १९२६ मध्ये, बोल्शाया दिमित्रोव्का रस्त्यावर. पण एकट्याला नाही. त्याच इमारतीत दुसरा भाडेकरू होता नेमिरोविच-दान्चेन्कोचा संगीत स्टुडिओ. आर्ट थिएटरचे हे दोन संस्थापक, ज्यांचं कित्येक वर्षं एकमेकांशी धड पटत नव्हतं, दोघांनी वेगवेगळा ऑपेरा स्टुडिओ काढला आणि सरकारने दोघांना एका छताखाली कोंबलं. एकाच रंगमंचावर आज यांचा प्रयोग, उद्या त्यांचा. भावकीतल्या वाटणीची आठवण यावी असा प्रकार.

इथे स्तानिस्लावस्कीने रिम्स्की-कोर्साकोव्हचं ‘झारची वधू’, पुच्चिनीचं ‘ला बोएम’, मुसोर्गस्कीचं ‘बोरिस गोदुनोव्ह’, चायकोव्हस्कीचं ‘हुकमाची राणी’ असे प्रयोग केले. ‘बोरिस’ (१९२९) करताना रिम्स्की-कोर्साकोव्हने घासूनपुसून गोंडस केलेली आवृत्ती बाजूला ठेवून मुसोर्गस्कीचीच खडबडीत संहिता घेतली, हे त्या काळी धाडसाचं होतं. त्याआधी, २९ ऑक्टोबर १९२८ रोजी, आर्ट थिएटरच्या तिसाव्या वाढदिवशी ‘तीन बहिणी’तला वेर्शिनिन करताना त्याला रंगमंचावरच हृदयविकाराचा झटका आला. पडदा पडेपर्यंत तो उभा राहिला. नट म्हणून तो शेवटचा. पुढची दहा वर्षं तो बहुतांशी लेओन्त्येव गल्लीतच, आणि पुन्हा एकदा तालमी त्या खांबांच्या खोलीत. ‘सेव्हिलचा न्हावी’, ‘कारमेन’, ‘डॉन पास्क्वाले’ हे असेच, गायकांनी घरी यायचं आणि म्हाताऱ्याने खुर्चीतून बघायचं.

याच खोलीत १९३८ च्या वसंतात एक पाहुणा येऊ लागला. व्सेवोलोद मेयरहोल्ड. १८९८ च्या ‘सीगल’मधला त्रेप्लेव्ह; १९०२ मध्ये आर्ट थिएटर सोडून गेलेला; नंतर वास्तववादाची टर उडवत स्वतःचं वेगळंच रंगतंत्र उभारणारा. पुस्तकांत हे दोघं कायम आमनेसामने असतात. मेयरहोल्डही ऑपेरातला मुरलेला दिग्दर्शक होता: १९०९ मध्ये मारिइन्स्कीला ‘ट्रिस्टान’, १९३५ मध्ये लेनिनग्राडला ‘हुकमाची राणी’. पण १९३६ पासून ‘रूपवादा’विरुद्धची मोहीम पेटली होती. डिसेंबर १९३७ मध्ये ‘प्रावदा’त त्याच्या थिएटरला ‘परकं’ ठरवणारा लेख आला आणि जानेवारी १९३८ मध्ये सरकारी हुकुमाने ते बंद झालं. त्या वर्षात अशा माणसाला लोक रस्त्यात ओळख दाखवत नव्हते. ज्या काठीने त्याला मारलं जात होतं तिच्यावर नाव स्तानिस्लावस्कीचंच होतं: बघा, खरा सोव्हिएत वास्तववाद असा असतो!

आणि त्या काठीवरच्या माणसाने त्याला बोलावून आपल्या ऑपेरा थिएटरात दिग्दर्शक म्हणून नेमलं.

याची कारणं काय असावीत? दया होती, जुनं नातं होतं. पण निव्वळ दया असती तर आर्ट थिएटरातही सोय करता आली असती. ऑपेराच का? एक व्यवहारी कारण: नाटकापेक्षा ऑपेराकडे सत्तेची नजर किंचित कमी कडक, कारण तिथे शब्द जुने आणि संगीतकार मेलेले. दुसरं कारण कामातलं. मेयरहोल्ड आयुष्यभर लय, हालचाल, शरीराचं गणित यांच्या मागे होता. स्तानिस्लावस्की ऑपेराच्या वाटेने हळूहळू त्याच ठिकाणी येऊन पोचला होता. मेयरहोल्डला सांभाळा, रंगभूमीत माझा वारस तोच, असं तो शेवटच्या दिवसांत म्हणाल्याची सहकाऱ्याची आठवण आहे. आठवणींबद्दल मी वर जे म्हटलं ते इथेही लागू, पण नेमणूक ही आठवण नाही, ती झालेली गोष्ट आहे.

७ ऑगस्ट १९३८ रोजी स्तानिस्लावस्की गेला. वेर्दीचं ‘रिगोलेतो’ अर्धवट तालमीत होतं. मेयरहोल्डने ते पूर्ण केलं आणि १० मार्च १९३९ ला प्रयोग झाला. संरक्षण मात्र माणसाबरोबर संपलं होतं. २० जून १९३९ रोजी लेनिनग्राडमध्ये मेयरहोल्डला अटक झाली. महिन्याभरात त्याची नटी-पत्नी झिनाइदा राइख हिचा राहत्या घरात खून झाला. २ फेब्रुवारी १९४० ला मेयरहोल्डला गोळी घालण्यात आली. त्याचं नाव कागदोपत्री निर्दोष व्हायला १९५५ साल लागलं.

१९४१ मध्ये दिमित्रोव्कावरचे ते दोन भांडखोर भाडेकरू सरकारने विलीन करून टाकले. आजही मॉस्कोतल्या त्या संगीत थिएटराच्या पाटीवर दोन नावं आहेत, स्तानिस्लावस्की आणि नेमिरोविच-दान्चेन्को. लेओन्त्येव गल्लीतलं घर आता संग्रहालय आहे आणि खांब जागच्या जागी आहेत. पुढच्या पोस्टमध्ये १९३५ च्या ‘कारमेन’बद्दल लिहीन, त्याच ऑपेराची नेमिरोविचची आवृत्ती त्याच इमारतीत चालत होती, त्यामुळे तुलना आयतीच होईल.